तिसरा खण

आमच्या वहिनीला घराचं माप घ्यायचं असलं, की ती माणसांनाच जमिनीवर आडवं करी. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. एका दुपारी तिनं मला परसात बोलावलं. "सुंदे, पोरीला घेऊन नीज हितं." दीड वर्षाच्या शेवंतीला कुशीत घेऊन मी उघड्या मातीवर आडवी झाले. वहिनीनं टोपलीतलं भाताचं तूस मुठीमुठीनं आमच्या चहूबाजूंनी सोडलं. रेघ पुरी झाल्यावर म्हणाली, "जरा रुंदच करते. पोर वाढंल, तुला कूस बदलाय जागा नको?"

लढाईचे दिवस होते ते. नवरा तापानं गेला. सासरी मला कुणी राहा म्हणालं नाही, म्हणून बाविसाव्या वर्षी मी पोरीला घेऊन कशेळ्याजवळच्या माहेरी परत आले. आई मला आठवत नाही. चौदा वर्षांची नवरी होऊन आलेल्या वहिनीनंच मला कडेवर वाढवलं होतं. घर म्हणजे ओटी, माजघर आणि चुलीची जागा. त्यात आबा, म्हणजे माझे वडील, दादा-वहिनी आणि त्यांची पाच मुलं. मी नि शेवंती चुलीशेजारी भाताच्या कणगीला टेकून निजत असू. सकाळी चूल पेटली की पोर धुरानं खोकतच उठे.

दादाच्या थोरल्या दोन मुलांची लग्नं जमत आली होती. त्यांच्यासाठी घराच्या मागच्या अंगाला दोन खण, म्हणजे दोन खोल्या, वाढवायचं दादानं ठरवलं. लाकूडही तेवढंच जमलं होतं. वहिनीनं मात्र तुसाच्या रेघा तीन खोल्यांच्या ओढल्या.

"तिसरा खन कुनाचा?" दादानं विचारलं.

"सुंदीचा."

"तिला कशाला? चुलीपाशी निजते की. लोक म्हनतील, बहीन वाटनी मागाय आली."

"लोक काय हितं निजाय येत नाय."

दादा तडक शेताकडं निघून गेला. मी म्हटलं, "वहिनी, माझ्यापायी घरात भांडण नको." तिनं हातातली टोपली झटकली. "मधी भिंत घातली तर घर तुटतं गं. कडंला घातली तर वाढतं," ती म्हणाली. पुढं सुना आल्या, त्यांच्यात कुरबुरी झाल्या, तेव्हाही ती हेच सांगायची. आणि हेही, की "जागा मागितल्यावर देऊ नये, त्याच्या आदी द्यावी."

वहिनीचं माहेर खालापूरकडचं. दर भाऊबीजेला तिचा भाऊ लुगडं घेऊन येई. वर्षाकाठी तिला मिळणारं नवं लुगडं तेवढंच. त्या वर्षी तो बैलगाडी घेऊन आला, दोन दिवसांची वाट तुडवत. गाडीत ऐनाच्या लाकडाच्या चार मेढी होत्या, चांगल्या जाडजूड. वहिनीनं तसा निरोपच धाडला होता, "लुगडं नको, खांब दे."

तिनं भावाला ओवाळलं. मग दादाकडं न बघता म्हणाली, "माझ्या भावानं त्याच्या बहिनीला मेढी दिल्या. आता सुंदीच्या भावानं खड्डं तरी खनावं."

ओटीवरून आबा म्हणाले, "पहार कोपऱ्यात हाय रं."

दादा मुंडासं खुंटीला अडकवून पहार घेऊन मागं गेला. संध्याकाळी मी विधवेनं ओवाळावं का, म्हणून घुटमळत होते. वहिनीनं ताट माझ्या हातात दिलं. दादाच्या हातांना माती होती. ओवाळून झाल्यावर शेवंतीला त्यानं मांडीवर घेतलं. मी माहेरी आल्यापासून पहिल्यांदा.

कौलं मिळत नव्हती, म्हणून माझ्या खोलीवर गवत घातलं. कारवीच्या काठ्यांच्या कुडाला वहिनीनं स्वतः शेणमाती लिंपली. राहायला गेले त्या दिवशी मी दार लावलं आणि नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडले. बाहेरून वहिनीचा आवाज आला. ती मुलांना हाकलत होती. "आत्या कामात हाय. जावा तिकडं खेळाय."

सुना आल्या, नातवंडं झाली, घर भरलं. चार-पाच वर्षांनी वहिनीला कावीळ झाली. ती माजघरात पडून असे आणि पोरं तिच्या अंथरुणावरून उड्या मारीत. एके दिवशी म्हणाली, "सुंदे, मला तुझ्या खोलीत ने."

सुनांनी नि मी तिला उचलून नेलं. डोळे मिटून ती बराच वेळ पडून राहिली. मग म्हणाली, "किती गप्प हाय गं हितं. या घरात येऊन इतकी वर्सं झाली, दार लोटून कदी पडलेच नाय मी."

आबांना ओटी होती, मुलांना खोल्या होत्या, मला होती. वहिनी कुठं निजते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. माजघरात पोरांच्या अंथरुणाला उरेल तेवढ्या कडेला ती निजत आली होती.

पाच दिवस ती माझ्या खोलीत होती. सहाव्या दिवशी सकाळी गेली.

तेरावं झाल्यावर दादा खोलीच्या दाराशी आला. "तिला काय पायजे, ते कदी इचारलंच नाय गं मी," म्हणाला. मी म्हटलं, "आत ये दादा." तो आला नाही. उंबऱ्यावरच बसला आणि ऊन उतरेपर्यंत तिथंच बसून राहिला.