उलटतपासणी बाई

दोन वर्षं त्या बाई आम्हाला शिकवायला होत्या आणि दोन वर्षांत त्यांनी आमच्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही. मुलुंडच्या आमच्या शाळेत बाकीचे शिक्षक फार उदार होते. प्रश्न तेच द्यायचे, उत्तरंही तेच द्यायचे, उत्तराखाली रेघ पट्टीने मारायची की हाताने, हेही तेच सांगायचे. आम्ही फक्त हात हलवायचा. डोकं घरी विसरलं तरी वर्गात कुणाला पत्ता लागत नसे. अशा सुखी शाळेत आठवीला या बाई आल्या. काही विचारलं की म्हणायच्या, "तुला काय वाटतं?" आणि आपल्याला काय वाटतं ते सांगितलं की, "ते पुस्तकात कुठे लिहिलंय, दाखव." कोर्टात साक्षीदाराला छळतात तसं. त्यांचं नाव 'उलटतपासणी' पडायला तीन दिवस पुरले.

पहिला बळी मी. वाचनस्पर्धेत दरवर्षी बक्षीस घेणारी मुलगी म्हणून वर्गाने मला पुढे केलं. इतिहासाचा एक उतारा मी असा वाचला की आकाशवाणीवाल्यांनी घरी न्यायला यावं. स्वल्पविरामाला थांबले, उद्गारचिन्हाला चकित झाले.

"छान वाचलंस," बाई म्हणाल्या. "आता पुस्तक मीट आणि काय वाचलंस ते सांग."

मला एक अक्षर आठवेना. वर्ग खुसुखुसू हसायला लागला.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "तिचा आवाज खरंच चांगला आहे. लाउडस्पीकरचाही असतो. पण त्याला कुठे काय कळतं?"

त्या दिवसापासून रोजचं ठरून गेलं. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, शेजारणीला आपल्या शब्दांत सांगायचं, आणि लेखकाने काय सांगितलं नाही, त्यावर एक प्रश्न काढायचा. उत्तरं काढायलाच आम्ही शाळेत जात नव्हतो, तिथे प्रश्न कुठून काढणार? पण बाईंकडे वेळच वेळ होता. पोर्शन मागे पडतोय, याची काळजी वाहायला मुख्याध्यापक समर्थ होते.

बरं, इतिहासापुरतं तरी हे खपलं असतं. पण कुठलाही शिक्षक रजेवर गेला की या हजर. गणिताच्या तासाला आल्या आणि म्हणाल्या, "आज कुणी गणित सोडवायचं नाही." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग एक उदाहरण वाचायला लावलं. मैदानाची लांबी, रुंदी, भोवती तारेचे तीन वेढे, तर तार किती? तोवर अर्ध्या वर्गाने लांबी गुणिले रुंदी करून उत्तराला चौकटही घातली होती.

"सगळं मैदान तारेने झाकलंत?" बाईंनी विचारलं. "मग मुलांनी खेळायचं कुठे? आकडे दिसले की गुणायचे, असा सरकारी नियम आहे का रे?"

विज्ञानाच्या तासाला तर त्यांनी हद्दच केली. "मला विज्ञान येत नाही," असं भर वर्गात सांगून टाकलं. आमच्या शाळेत असं कुणी म्हणायचं नसतं. ज्यांना येत नव्हतं तेही म्हणत नसत. "तुम्ही वाचा आणि मला समजवा," म्हणाल्या. मुळं पाणी कशी शोषतात, ते आम्ही त्यांना चार वेळा समजावलं. दर वेळी त्या नव्याच ठिकाणी अडायच्या. पाचव्या वेळी आम्हालाच समजलं. त्यांना खरंच येत नव्हतं की त्या नाटक करत होत्या, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

माझी आई मालवणची. पालकसभेच्या आदल्या दिवशी तिने माझी वही चाळली. नोट्स नाहीत, फक्त प्रश्न.

"पोरांनीच वाचूचा, पोरांनीच समजूचा," ती म्हणाली, "मगे बाई व्हयी कित्याक?"

सभेत बहुतेक पालकांचं हेच म्हणणं होतं, मग बाई हव्यात कशाला? मुख्याध्यापकांनी सर्वांसमक्ष बाईंना महत्त्वाच्या प्रश्नांची यादी काढून द्यायला सांगितलं. बाई "बरं" म्हणाल्या आणि यादी काढायचं काम आम्हालाच लावलं.

आता स्नेहलबद्दल सांगायला हवं. ती माझ्या बाकावर बसायची. आठवीत येऊनही तिला अक्षराला अक्षर जोडून वाचावं लागायचं. सात वर्षं तिने हे लपवलं होतं. दुसऱ्याने वाचलेलं ऐकून पाठ करायची आणि पुस्तकावर नजर ठेवून म्हणून दाखवायची. सात वर्षांत कुठल्याही शिक्षकाच्या हे लक्षात आलं नाही, कारण तिची वही नीटनेटकी होती. बाईंच्या आठवड्याभरात लक्षात आलं. त्यांनी तिला वर्गात कधी उभं केलं नाही. मधल्या सुट्टीत जिन्यावर बसवून घ्यायच्या आणि हाताला येईल ते वाचायला द्यायच्या: बिस्किटाच्या पुड्यावरची माहिती, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, शाळेच्या सूचना. मी एकदा विचारलं, "बाई, हिला अजून किती दिवस लागतील?" तर म्हणाल्या, "तुला कुठे जायची घाई आहे?"

नववीच्या मध्यावर एका दुपारी वर्गात गुलाबी कागद वाटले गेले. वर ठळक अक्षरांत 'आनंदाची बातमी'. शाळेची नवी इमारत होणार, संगणककक्ष होणार, लिफ्ट होणार. खाली पालकांची सही, उद्याच्या उद्या. मी लिफ्टपर्यंत वाचलं आणि घडी करून दप्तरात टाकलं. वर्गात त्या वेळी कुणी शिक्षक नव्हते. स्नेहल एकटीच बोट ठेवून एकेक शब्द वाचत होती.

"ए, इथे बघ ना," तिने मला ढोसलं. "'मराठी माध्यमाचे वर्ग टप्प्याटप्प्याने अन्यत्र सामावून घेण्यास माझी हरकत नाही.' अन्यत्र म्हणजे कुठे?"

मी पुन्हा वाचलं. मग मागच्या बाकाने वाचलं. कुणीतरी म्हणालं, "वाट लागली! आपल्यालाच काढतायत यार!" आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, आम्ही सवयीने कामाला लागलो. कागदात काय सांगितलंय? काय सांगितलेलं नाही? कुठली शाळा? किती लांब? कुठल्या वर्षापासून? दहावीचं काय? नऊ प्रश्न निघाले. प्रत्येकाने ते गुलाबी कागदाच्या मागे लिहिले आणि घरी नेले.

आई सही करायला पेन शोधत होती. मी कागद उलटा करून तिच्यापुढे ठेवला. तिने सगळे प्रश्न वाचले, मग कागद सुलटा करून ते वाक्यही वाचलं. पेन शोधायचं तिने बंद केलं.

दुसऱ्या दिवशी वर्गातला एकही कागद सहीसकट परत आला नाही. तातडीने सभा भरली. खुद्द संस्थेचे विश्वस्त आले. आई उठून उभी राहिली आणि ठेवणीतल्या मराठीत म्हणाली, "सर, सामावून घेणार म्हणजे नक्की कुठे? आणि हरकत नाही असं मी कधी म्हटलं?"

मग चाळीस पालकांनी तेच विचारलं. विश्वस्तांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मुख्याध्यापकांनी बाईंकडे. मुलांना भडकवलं कुणी, हे शोधायला त्यांना फार संशोधन करावं लागलं नाही. बाई तर त्या कागदाबद्दल आमच्याशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. पण मुलं स्वतःहून वाचतात, यावर विश्वास ठेवायला शिक्षणसंस्था तयार नव्हती.

शेवटी जे विद्यार्थी शाळेत आहेत, त्यांची दहावी इथेच होईल, असं संस्थेने लिहून दिलं. नवे प्रवेश मात्र बंद झाले. आणि बाईंची बदली बोरिवलीच्या शाखेत झाली, ग्रंथालयात. मुलांना वाचायला लावलं म्हणून शिक्षा काय, तर ग्रंथालय. तिथली कपाटं कुलूपबंद असतात, हे नंतर कळलं.

निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि मुख्याध्यापकांचं भाषण, "बाईंनी शाळेत वाचनसंस्कृती रुजवली." मग स्नेहल कुणी न बोलावता पुढे गेली. तिच्या हातात स्वतः लिहिलेलं अर्धं पान होतं. बोट ठेवून, अडत, पुन्हा मागे जात तिने ते वाचलं. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते. बाई शेवटच्या शब्दापर्यंत उभ्या राहिल्या.

दहावीला आम्ही आमचे आम्हीच वाचलं. निकाल मुख्याध्यापकांनी फलकावर लावण्याइतका चांगला लागला आणि त्यांनी तो लावलाही, "आमच्या मार्गदर्शनाचे यश" असं लिहून. स्नेहल आता घाटकोपरच्या एका इस्पितळात नर्स आहे. घरी निघालेल्या पेशंटकडून ती औषधाचा कागद वाचून घेते, आणि त्याला कळलाय याची खात्री झाल्याशिवाय लिफ्टचं बटण दाबत नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. आम्ही दोघी बोरिवलीला त्यांच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा वर्तमानपत्रात द्यायचा निधनाचा मजकूर लिहीत होता. "आई नेमका कुठला विषय शिकवायची हो?" त्याने विचारलं. "घरात सगळ्याच विषयांची पुस्तकं सापडतायत."

स्नेहलला हुंदका आवरेना. म्हणून मीच घाईघाईने म्हटलं, "इतिहास."

त्याने ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं: इतिहासाच्या शिक्षिका. स्नेहलने फोन करून फक्त एवढंच विचारलं, "तुला दुसरं काही सुचलं नाही का गं?"

तेव्हा सुचलं नाही. अजून शोधते आहे.