मंदाताई वर बघत नसत

रेवाचा गुडघा दुखत नव्हता. हे साधं वाक्य मी तीन वर्षं कुणापुढे उच्चारलं नाही, म्हणून इथे आधी तेच लिहून टाकतो. माझ्या मुलीचा गुडघा ठणठणीत होता आणि मी मंदाताईंना फोनवर सांगितलं, की डॉक्टरांनी तिला दोन महिने उड्या मारायच्या नाहीत असं बजावलंय. बेलापूरच्या आमच्या ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी तो फोन केला होता. पलीकडून मंदाताई म्हणाल्या, "अरे देवा. पोरीला बोलू नका हां रेवाचे पप्पा. तिचा काय दोष नाय."

ज्या बाईंना मी असं फसवलं, त्या कशा होत्या हे सांगायचं तर त्यांच्या एका सवयीपासून सुरुवात करायला हवी. मंदाताई वर बघत नसत.

सारसोळ्याला, नेरूळच्या कडेच्या कोळ्यांच्या गावात, त्यांच्या भावाची चार मजली इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर, जिथे गाड्या उभ्या राहायच्या तिथे, त्यांनी गाद्या अंथरून चिअरलीडिंगचा वर्ग चालवला होता. एका बाजूला सुकत घातलेली जाळी, दुसऱ्या बाजूला मुलींच्या पाण्याच्या बाटल्या. नऊ वर्षांच्या रेवाला घेऊन मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा तीन मुलींनी चौथीला खांद्याच्या वर उचललं होतं. ती एका पायावर उभी राहून हसत होती. आम्ही सगळे पालक माना वर करून, मोबाईल वर धरून तिच्याकडे बघत होतो. मंदाताई मात्र गादीच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या. त्यांची नजर खालच्या तिघींच्या मनगटांवर आणि पावलांवर होती.

"ताई, वर बघा ना, काय मस्त उभी राहिलीय," मी न राहवून म्हणालो.

"वरचीला तुमी सगले बघताच हाय ना," त्या नजर न हलवता म्हणाल्या. "खालच्यांना कोन बघनार?"

हा खेळ काय आहे, हे तेव्हा आमच्या नात्यात कुणाला कळत नव्हतं. साताऱ्याहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "म्हणजे ते क्रिकेटच्या मॅचला नाचतात ते? अरे, तुला काही लाजबिज?" मी ते मंदाताईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या, की मुली थांबून बघायला लागल्या. "आक्कांना सांगा, गोविंदाच हाय. फकस्त हंडी नाय आनि कोन पानी मारत नाय."

त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षं त्या गावातल्या बायकांच्या गोविंदा पथकात अगदी खालच्या थराला उभ्या राहत. पुढे एका शाळेत पीटी शिकवताना कुठल्याशा शिबिरात त्यांनी हा खेळ पाहिला, शिकून घेतला, आणि शाळेने तो बंद केल्यावर मुलींना घेऊन भावाच्या तळमजल्यावर आल्या. पन्नाशीला टेकलेल्या, रुंद खांद्यांच्या, ट्रॅक पँटवर कुर्ता घालणाऱ्या आणि केसांत न चुकता अबोलीचा गजरा माळणाऱ्या बाई.

त्यांच्या वर्गाचा एक नियम होता. वर गेलेल्या मुलीने खाली यायच्या आधी मोठ्याने म्हणायचं, "सोडते गं!" मग खालच्या मुली म्हणणार, "धरलंय!" ते ऐकल्याशिवाय वरचीने अंग सोडायचं नाही आणि वरचीचा आवाज आल्याशिवाय खालच्यांनी हात काढायचे नाहीत. जगात बाकी सगळीकडे हे आकडे मोजून करतात, असं मला नंतर कळलं. मंदाताईंना आकडे पसंत नव्हते. "आकडा कोनाचा नसतो," त्या म्हणत. एखादी मुलगी लाजून पुटपुटली, तर मान खालीच ठेवून त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "आवाज नाय आला. परत."

रेवा हलकी होती, धीट होती, त्यामुळे वर्षभरात ती वर जाणारी झाली. तिला खालून पेलणाऱ्यांत मुख्य होती वैष्णवी, जवळच्या शिरवणे गावची, रेवाहून पाच वर्षांनी मोठी. रेवाच्या बुटांचे वळ वैष्णवीच्या खांद्यावर कायमचे असत. आमच्या घरी जेवायला आली, की रेवा तिला आपल्या हाताने तेल चोळायची. मला ते गोड वाटायचं. त्याचा अर्थ मला कळत नव्हता.

एकदा रेवाने आवाज न देता अंग सोडलं. वैष्णवीचा ओठ फुटला. मंदाताई ओरडल्या नाहीत. वैष्णवीच्या ओठाला बर्फ लावत रेवाला म्हणाल्या, "आठवडाभर खाली उबी ऱ्हा. दुसऱ्याचा पाय खांद्यावर कसा लागतो, ते कलू दे." रेवा मुकाट्याने खाली उभी राहिली. अपमान झाला तो माझा. माझी मुलगी वरची आहे, तिला खाली उभी करतात म्हणजे काय? मी स्मिताजवळ, माझ्या बायकोजवळ, आठवडाभर धुसफुसत होतो. ती म्हणाली, "अहो, तुम्ही कुणाच्या खांद्यावर उभे आहात?"

त्यातच आमच्या ऑफिससमोर याच खेळाची नवी जिम उघडली. काचेच्या भिंती, थंडगार हवा, पाय टेकला की उसळी देणारी जमीन. एका स्पर्धेत तिथल्या तरुण प्रशिक्षकाने रेवाला पाहिलं होतं. मला म्हणाला, "सर, अशी मुलगी त्या पार्किंगमध्ये काय करतेय? आम्ही तिला मधोमध ठेवू, सगळ्यात वर." मधोमध, सगळ्यात वर. मी ते शब्द घरी घेऊन आलो. खरं सांगायचं तर मला आणखी एका गोष्टीची लाज वाटायची. ऑफिसात कुणी विचारलं, की मुलगी कुठे शिकते, तर मी "नेरूळला" म्हणायचो. सारसोळे म्हणायचो नाही. जाळ्यांचा वास त्या नावाला येतो असं मला वाटायचं.

राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती. नावं द्यायची मुदत संपायला चार दिवस असताना मी रेवाला त्या जिममध्ये घालायचं ठरवलं. संघ बारा जणींचा आणि त्याचा सगळा मनोरा रेवावर बेतलेला. शिवाय वैष्णवीचं त्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष. हे सगळं मला माहीत होतं. अज्ञानातून मी काही केलं नाही.

"बाबा, ताईंना सांगायला मी येते," रेवा म्हणाली.

"मी सांगतो ना."

"आणि वैष्णवीदीदीला?"

"तिलाही कळेल. आणि हे बघ, कुणी विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणायचं." बारा वर्षांच्या मुलीला मी हे सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं.

फोन केल्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली. मंदाताई स्टीलचा डबा घेऊन उभ्या होत्या. "चिंबोऱ्यांचा रस्सा हाय. हाडाला बरा. गरम गरम द्या तिला." रेवा त्या वेळी बेलापूरच्या जिममध्ये होती.

"पोर झोपली काय?"

"हो," मी म्हणालो.

"नका उठवू." त्या दारातच थांबल्या. मी आत या म्हणालो नाही. त्यांची नजर नेहमीसारखी खाली होती. दाराशेजारच्या रॅकवर आमच्या सगळ्यांच्या चपला होत्या, फक्त रेवाचे सरावाचे बूट नव्हते. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा त्या जिना उतरत होत्या. तो खेकड्यांचा रस्सा त्या दिवशी कुणीच खाल्ला नाही. रिकामा डबा परत करायची आपल्यात पद्धत नाही आणि भरून न्यायचं तोंड मला नव्हतं. तीन वर्षं तो आमच्या ओट्यावरच्या फळीवर पडून राहिला.

खोटं उघडं पडलं ते दोन याद्यांमुळे. मंदाताईंनी रेवाचं नाव आपल्या यादीत ठेवलं होतं आणि बेलापूरच्या यादीतही ते होतं. आयोजकांनी दोन्हीकडच्या प्रशिक्षकांना फोन लावले. मी घाबरून गेलो, आता बोभाटा होणार. पण मंदाताईंनी त्यांना सांगितलं, "पोर त्यांचीच हाय. माजी चूक झाली, चुकून नाव पडलं." मुदत उलटली होती, त्यामुळे त्या जागी दुसरं नाव देता येईना. बारा जणींचा संघ अकरा जणींचा झाला. मला त्यांनी फोन केला नाही. एकदाही नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी प्रेक्षकांत वरच्या रांगेत बसलो होतो. बेलापूरचा संघ आधी होता. रेवा खरोखरच मधोमध, सगळ्यात वर उभी राहिली. झगमगीत पोशाख, केसांना चमकी. मी मोबाईल वर धरला होता. उतरायची वेळ आली आणि तिचे ओठ हलले. संगीताच्या गोंगाटात मला ऐकू आलं नाही, पण ती काय म्हणाली हे मला कळलं. खालून उत्तर आलं नाही. त्या मुली मनात आकडे मोजत होत्या. रेवा थांबली. एक ठोका गेला, दुसरा गेला. खालच्या मुलींचे हात थरथरायला लागले.

तेवढ्यात मैदानाच्या कडेवरून, जिथे पुढचा संघ उभा होता, एक खणखणीत आवाज आला, "धरलंय!"

रेवाने अंग सोडलं आणि ती नीट झेलली गेली. तो आवाज वैष्णवीचा होता. तिच्या शेजारी मंदाताई उभ्या होत्या. त्या वेळीही त्या वर बघत नव्हत्या. बेलापूरच्या त्या मुलींच्या मनगटांवर त्यांचे डोळे होते.

बेलापूरला तिसरा क्रमांक मिळाला. मंदाताईंच्या अकरा जणींनी मधला मनोरा वगळून कार्यक्रम केला आणि त्यांना काहीच मिळालं नाही. वैष्णवी गादीवरून उतरताना रडत होती. मी रेवाला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो.

पुढे रेवाची उंची वाढली. बेलापूरवाल्यांना तिच्याहून हलकी मुलगी मिळाली, त्यांनी रेवाला मागच्या ओळीत टाकलं, आणि दीड वर्षाने तिने तो खेळच सोडला. माझ्याशी ती नीट बोलायची, पण कामापुरतं. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मी मंदाताईंकडे जाऊन आले. रविवारपासून जाणार आहे. खाली उभी राहणार."

मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. उंची मोजली." मग थांबून म्हणाली, "बाबा, माझं मी सांगितलं. तुमचं तुम्ही सांगा."

त्या रविवारी सकाळी स्मिताने फळीवरचा डबा काढला, घासला आणि त्यात बेसनाचे लाडू भरून माझ्या हातात दिला. सारसोळ्याला जाळी तशीच सुकत होती. गाद्यांवर आठ-दहा मुली होत्या. रेवा एका छोट्या मुलीचा पाय दोन्ही हातांत पेलून उभी होती, घामाघूम. वैष्णवी आता तिथे लहान मुलींना शिकवते. ती मला बघून थांबली. मंदाताई कडेला उकिडव्या बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. गजरा होता.

मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी झाकण उघडून बघितलं. "लय दिवस लागले रस्सा संपायला."

"ताई, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"बूट नव्हते रॅकवर."

"मग तिचं नाव का ठेवलंत? तुमची एक जागा फुकट गेली."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे, म्हणजे मान वर करून, बघितलं. मला काहीतरी अगदीच साधं कळत नाही याचं त्यांना आश्चर्य वाटत असावं. "पोरीनं सोडते म्हनून आवाज दिला नव्हता ना. आवाज आल्याबिगर हात काडायचा नाय. त्यात काय विचारायचं?"

मी तिथेच त्यांच्यापुढे हात जोडले. त्यांनी ते खाली केले. "माजी माफी नका मागू. मी धरलं नव्हतं तिला. ज्यांनी धरलं होतं, त्यांना सांगा. चपला काडून जा."

मी चपला काढल्या आणि गादीवर गेलो. पाय रुतत होते. मुली गोळा झाल्या. वैष्णवी हाताची घडी घालून उभी होती. रेवाने त्या छोटीला हळूच खाली उतरवलं आणि ती वैष्णवीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, माझ्या बाजूला आली नाही. मी जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटलो. चूक झाली, वेळच तशी होती, असं काहीसं.

मागून मंदाताई म्हणाल्या, "रेवाचे पप्पा, आवाज नाय आला. परत."

छोट्या मुली हसल्या. वैष्णवी हसली नाही. मी मान वर केली आणि तिच्याकडे बघून, तळमजल्याच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "रेवाचा गुडघा दुखत नव्हता. मी खोटं बोललो आणि तिलाही बोलायला लावलं. तुम्ही तिला धरून उभ्या होतात आणि मी न सांगता तिला काढून नेलं. वैष्णवी, तुझं शेवटचं वर्ष माझ्यामुळे गेलं. मला माफ कर."