डवरणीवाले भाऊ

विकत घेतलेल्या वस्तूनं आपल्यालाच आणखी काही विकायला बसावं, हे भाऊंना सहन होत नसे. फुकटच्या वस्तूचं त्यांना काही नव्हतं, बरं का. साडीच्या दुकानाचं नाव छापलेली पिशवी घेऊन ते वर्षानुवर्षं भाजी आणत. "हे फुकट भेटली, ताई. त्याचं नाव मिरवू आपण. पण पैसे मोजून घर घेतलं अन् त्यात त्याचाच फेरीवाला बसून राहिला, तर लाथ मारू का नको?"

फेरीवाला म्हणजे कॉम्प्युटरमधल्या जाहिराती. जिच्यावर कॉम्प्युटर चालतो ती आतली मूळ यंत्रणा आम्ही रोख पैसे देऊन घेतलेली, तरी चालू केलं की कोपऱ्यातून खेळ, खरेदी, "हे घेऊन बघा" सुरूच. भाऊ वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये कॉम्प्युटर सांभाळत आणि सुटीच्या दिवशी आमच्या गल्लीतल्यांचे साफ करून देत. मूळचे पारशिवनीकडचे, घरची कपाशी. पिकाच्या दोन ओळींतलं तण काढायला डवरा फिरवतात ना, तेच नाव त्यांनी या कामाला दिलं होतं. "आणा, डवरून देतो." एकेक खटका बंद करत मोठ्यानं म्हणत, "शिफारशी? नाही. सूचना? नाही. ऑफर? नाही." मशीन अपडेट झालं की सगळं पुन्हा उगवे, आणि भाऊ पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू.

जीभ मात्र डवऱ्याहून धारदार. नवरा गेल्यावर मी अठ्ठावन्नाव्या वर्षी टायपिंग शिकले, लोकांचे अर्ज आणि लग्नाचे बायोडाटा करून देऊ लागले. पडद्यावर "तुमच्यासाठी खास" असं दिसलं की मला आपलं बरं वाटायचं. तसं मी भाऊंना बोलूनही दाखवलं. ते मान वर न करता म्हणाले, "तुमच्यासाठी खास करणारा एकच होता, ताई. तो गेला. आता हे काढू का?" मी "काढा" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तर पडदा लख्ख!

तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा त्यांनी माझ्या हातात वही दिली. "लिहा. मी मेल्यावर कोण करीन?" कोणता खटका कुठं, सगळं लिहून घेतलं. त्या वहीनंच पुढं घात केला.

त्यांची बायको, आमच्या वहिनी, माडीवरून पडल्यापासून कमरेखाली लुळ्या झालेल्या. एका खोलीचा संसार. पलंग आणि पायथ्याशी टेबलावर कॉम्प्युटर. भाऊंनी नवा आणला तेव्हा कामाच्या गडबडीत आठवडाभर तो डवरायचा राहिला. तेवढ्या दिवसांत वहिनींना नवंच सुख सापडलं. मशीन काही न करता पडून राहिलं की त्याच्या पडद्यावर रोज वेगळं चित्र यायचं. बर्फ, समुद्र, कुठल्याशा देशातला पूल. मी गेले की म्हणायच्या, "वाचा नं ताई, आज कुठं नेलं मले?" बुटीबोरीच्या पुढं न गेलेली बाई ती.

चित्राच्या कोपऱ्यात जाहिरातीची ओळ असे. रविवारी भाऊंनी चित्रासकट ती काढली. उरला निळा पडदा. वहिनींनी विनवण्या केल्या. "तो तुले डोंगर नाही दाखवून राहिला वं," भाऊ म्हणाले, "डोंगराच्या आडून तुले पाहून राहिला."

ते आंघोळीला गेल्यावर वहिनी हळूच मला म्हणाल्या, "पाहू द्या नं. मले आता पाहते तरी कोण?"

हे ऐकून मला राहवलं नाही. भाऊ कामावर गेले की मी अकराला जायची, वही उलटी वाचत खटके चालू करायची आणि पाचला बंद करून घरी. बारा दिवस बाईनं जग पाहिलं! गालावर रंग आला होता तिच्या.

तेराव्या दिवशी भाऊ दुपारीच आले. पडद्यावर हिरवी टेकडी, तिच्यावरून जाणारी पायवाट, आणि खाली चालण्याचा हिशेब ठेवणाऱ्या कुठल्याशा ॲपची जाहिरात. भाऊंनी ती बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. "आज किती पावलं चाललात? सांग नं वं. विचारून राहिला तो तुले. किती चालली तू?"

मी म्हटलं, "भाऊ, पुरे."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तो विचारते तरी. तुमी कुठं विचारता?"

भाऊंनी खटका बंद केला. पासवर्ड बदलला. माझी वही माझ्या हातात ठेवून म्हणाले, "उद्यापासून येऊ नका, ताई."

मी गेले नाही. जायला हवं होतं. दोन महिन्यांनी वहिनी गेल्याचं गल्लीतच कळलं.

माणूस लबाड असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण त्यानं तीन वर्षं तिचं हगणं-मुतणं एकट्यानं काढलं, कधी नाक मुरडलं नाही. भेटायला गेले तर पलंग उभा करून भिंतीला लावलेला, आणि भाऊ निळ्या पडद्यासमोर बसलेले. मला पाहून ताठ झाले. "एक सांगतो, ताई. जाताना तिच्यापुढं कोणी काही विकून नव्हतं राहिलं."

त्यांच्याकडूनच शिकलेल्या जिभेनं मी म्हटलं, "दाखवूनही नव्हतं राहिलं, भाऊ."

भाऊंनी उभ्या पलंगाकडं पाहिलं.

"शेवटचे पंधरा दिवस भिंतीकडंच तोंड होतं तिचं," ते म्हणाले. "मले वाटे, झोपली असन."