दोन तासांचं काम

गिअरच्या गाडीला दुरून बटणाने इंजिन सुरू करणारा रिमोट स्टार्टर बसवायचा नाही, असा वायरिंगवाल्याचा वीस वर्षांचा नियम होता. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली, तर बटण दाबताच समोरच्याच्या अंगावर जायची. पण नर्स असलेल्या लेकीची बदली लांबच्या, कडाक्याच्या थंडीच्या गावी झाली, घरातूनच गाडी सुरू करून गरम करता यावी म्हणून तिने हट्ट धरला, आणि त्याने नियम गुंडाळून ठेवला.

दोन तासांचं काम त्याने दोन दिवस पुरवलं. हँडब्रेकची वायर जोडली, चारही दारांची जोडणी पुन्हापुन्हा तपासली. लेक शेजारी स्टुलावर बसून गप्पा मारत होती.

"बाबा, मुद्दाम चेंगटपणा करताय ना?"

"तोंड बंद, कान उघडे," तो म्हणाला. "गाडी न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा आणि इंजिन चालू ठेवूनच उतरायचं. दार लॉक केलंस की ते आपोआप बंद पडेल, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्येच राहिल्याची खात्री. त्यानंतर कुठलंही दार उघडलं, तर रिमोट चालणार नाही. आत कुणी गिअर टाकलाय का, ते गाडीला काय कळणार?"

ती गेली आणि घर खायला उठलं. पंधरा दिवसांनी सकाळी फोन आला.

"बाबा, रिमोटनं गाडी सुरूच होत नाहीये!"

त्याने हत्यारांची पिशवी उचललीसुद्धा. "निघतोच. पण काल लॉक केल्यावर पुन्हा दार उघडलं होतंस का?"

"अय्या, हो! डबा आत राहिला होता."

"मग सगळं बरोबर आहे. क्लच दाबून किल्लीने सुरू कर."

"सुटले!" म्हणत तिने फोन ठेवला. तो मात्र पिशवी घेऊन उंबऱ्यातच उभा राहिला. आपल्या हातचं काम बिघडायला हवं होतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.