बोंडूचं सरबत आणि आजोबांची फेरी

ईशा, नील, तुमच्या आजोबांनी आयुष्यात एकदाच दारू घेतली. ती मी पाजली. आणि तीसुद्धा व्यसनमुक्ती समितीच्या बैठकीत!

सुरुवात अगदी सोज्वळ होती. आमच्या महिला मंडळात एक बाई व्याख्यान द्यायला आल्या. "संधी शोधायला लांब जाऊ नका," त्या म्हणाल्या, "रोज जे फेकून देता, त्याकडे नीट बघा." मी घरी येऊन बघितलं. मागच्या आवारात काजूच्या झाडांखाली बोंडूंचा खच! आपण बी पिरगळून घेतो आणि ते रसरशीत फळ टाकून देतो. (खाल्लं तर घसा खवखवतो आणि डाग पडला तर साडी कायमची जाते. दोन्ही करून बघितलंय.)

"मी बोंडूचं सरबत विकणार," मी जाहीर केलं.

"छान," आजोबा पेपराआडून म्हणाले. घर पडलंय म्हटलं असतं तरी ते 'छान'च म्हणाले असते.

माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. रस गाळला, साखर घातली, बाटल्या उकळून वाळवल्या, बुचं घट्ट बसवली. पण लेबलाशिवाय बाटली लोकांपुढे ठेवायची कशी? 'शुद्ध, सात्त्विक, घरगुती' अशी लेबलं छापायला टाकली. छापखानेवाला रोज "उद्या नक्की, आजी" म्हणायचा आणि मी बाटल्या उंचीप्रमाणे रांगेत लावून वाट बघायची. बाहेर एप्रिलचा उकाडा. रस काही लेबलासाठी थांबला नाही!

लेबलं आली त्याच संध्याकाळी आमच्या ओटीवर समितीची बैठक. आजोबा अध्यक्ष. वळणावरचा चोरटा गुत्ता बंद करायला त्यांची फेरी निघायची होती. "म्हाताऱ्यांचं कोण ऐकतंय?" असं गुत्तेवाला चारचौघांत म्हणाला होता, तेव्हा आता प्रश्न अब्रूचा होता. मला मात्र दिसलं ते आयतं गिऱ्हाईक! पहिली बाटली उघडली, तर बूच उडून थेट देव्हाऱ्यात.

'ताजं आहे,' मी मनाशी म्हटलं. (चाखलं नाही. मला साखर वर्ज्य.)

"वहिनी, फक्कड!" निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "जिभेला झिणझिण्या येतात."

"घसा खवखवतो का हो?"

"छे छे, मोकळा होतो! अजून आहे?"

अध्यक्षांनी पेला पुढे केला. मग पुन्हा केला. मी धन्य झाले.

फेरी निघाली तेव्हा सरळ होती; मी मागून चालत होते. देवळापर्यंत ती वळणं घेऊ लागली, रस्ता सरळ असूनही. पोस्टमास्तरांनी विजेच्या खांबाची आस्थेने चौकशी केली. आणि लग्नापासून मला 'अगं' म्हणणारे तुमचे आजोबा भर रस्त्यात ओरडले, "मालती!"

"झालीच पाहिजे!" मागून समिती गरजली.

देवळासमोरची शेवंता दारात उभी. "काय ओ आजी, ही फेरी दारू बंद करायला हाय की चालू करायला?"

गुत्त्यापाशी तर कहर झाला. गुत्तेवाला बाहेर आला, त्याने हवेत वास घेतला आणि आजोबांना हात जोडले. "काका, माल कुठला? असला माझ्याकडं पण नाय मिळत!"

"घरचा आहे," आजोबा अभिमानाने म्हणाले. "हिने केलाय."

सकाळी आजोबा डोक्याला पट्टी बांधून बसले होते. मी सगळ्या बाटल्या परसातल्या खड्ड्यात ओतल्या, वरून फिनेल टाकलं. पुढच्या आठवड्यात लिंबू सरबत पिऊन दुसरी फेरी निघाली. पहिलीसारखी मजा बघायला मिळेल म्हणून अख्खा गाव तिच्यात सामील झाला! एवढी गर्दी बघून गुत्तेवाल्याने टाळं ठोकलं, ते आजतागायत. अब्रू परत आली. माझा धंदा मात्र खड्ड्यात गेला.

आणि ईशा, परवा फोनवर तू किती सहज म्हणालीस, "अगं आजी, बूच न लावता आणखी काही आठवडे ठेवलं असतंस, तर त्याचा मस्त शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला असता! इकडे लोकांनी रांगा लावल्या असत्या."

म्हणजे फेकलेल्या फळात मी संधी ओळखली, तिला बूच लावलं, लेबल चिकटवलं आणि ऐन मोक्यावर तिच्यावर फिनेल ओतलं. 'शुद्ध, सात्त्विक, घरगुती' लेबलं मात्र पुष्कळ उरलीत. त्यातलं एक आजोबांनी फिनेलच्या बाटलीला लावलंय. दुसरं घेऊन ते सकाळपासून माझ्या मागे फिरतायत.