गिरणीच्या गाळ्यातला दवाखाना

नगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात फिजिओथेरपी हा शब्द पहिल्यांदा मी आणला, आणि तो कुणाला धड म्हणता येईना. बारावीनंतर एमबीबीएसला नंबर लागला नव्हता, म्हणून हा फॉर्म भरला होता. वडिलांनी माहितीपत्रक दोनदा वाचलं. म्हणाले, "हाडं, सांधे, स्नायू. आपल्याकडं तर रोज हेच दुखतंय. जा तू." चुलत्यांना मात्र पटलं नाही. "मालीश शिकायला साडेचार वर्सं?" असं ते पुढं प्रत्येक सणाला विचारायचे आणि लगेच पाठ पुढं करून बसायचे.

कॉलेजात आमच्या एक मॅडम होत्या. त्या म्हणायच्या, मशीन कुणीही लावील, तुमची बोटं तयार करा. त्यासाठी त्यांनी एक खेळ लावून दिला होता. पुस्तकाच्या पानाखाली डोक्याचा एक केस ठेवायचा, डोळे मिटायचे आणि वरून बोट फिरवून तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान. माझे केस बारीक, म्हणून मी खोलीतल्या मैत्रिणीच्या कंगव्यातले जाड केस पळवायचे. तिला वाटायचं आपले केस गळायचे थांबले. ज्या दिवशी सहा पानांखालचा केस सापडला, त्या दिवशी मी आनंदानं गावी फोन केला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई. जेवलीस का?"

पदवीनंतर नगरमध्ये एका हाडांच्या दवाखान्यात नोकरी लागली. तिथं माझी बोटं बेकार झाली. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून द्यायचे, मी मशीन लावायची, दहा मिनिटांनी काढायची, पुढचा पेशंट. लोक मला शेकवाल्या मॅडम म्हणायचे. चार वर्षं गेली. मग एक दिवस सुप्याच्या कारखान्यातला एक कामगार कंबर धरून आला. त्याची ही तिसरी खेप होती. मी मशीन लावायचं सोडून त्याला म्हटलं, "तुम्ही काम कसं करता ते करून दाखवा."

तो गडबडला. मी सलाईनच्या बाटल्यांचा खोका त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो उचलला आणि पाय जागच्या जागी ठेवून नुसती कंबर पिळून मागच्या टेबलावर ठेवला.

"असं दिवसातून किती वेळा करता?"

"मोजतंय कोन, मॅडम. पाळी सुटेपर्यंत."

मग त्या खोक्यावरच आमची शिकवणी झाली. गुडघे वाकवा, खोका पोटाशी घ्या, आधी पाय फिरवा, कंबर आपोआप येईल. अर्धा तास गेला. बाहेर माणसं ताटकळली आणि दवाखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं. पण पंधरा दिवसांनी त्याच कारखान्यातले चौघे आले आणि काउंटरवर विचारू लागले, "ते पाय फिरवायला शिकवत्यात त्या मॅडम कुठं बसत्यात?" आधी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, अशी त्यांची समजूत काढता काढता माझ्या मनानं घेतलं की आता आपली जागा बघायची. नोकरीत असतानाच माझं लग्न झालं होतं; नवऱ्यानं त्याच आठवड्यात नगरलगतच्या केडगावात गाळे बघायला सुरुवात केली.

मिळाला तो गाळा आधी पिठाच्या गिरणीचा होता. दोनदा रंग दिला तरी फटीफटीतून पीठ यायचं. पाटी लावली, टेबल मांडलं, भिंतीवर मणक्याचं चित्र टांगलं आणि वाट बघत बसले. पहिल्याच दिवशी माणसं आली. सगळ्यांच्या हातात दळणाचे डबे होते.

"गिरणी बंद झाली?"

"हो. पुढच्या चौकात एक आहे."

आठ दिवस मी केडगावकरांना गिरणीचा रस्ता दाखवत होते. नवव्या दिवशी एक मावशी आल्या, साठीच्या आसपासच्या. त्यांनी डबा डाव्या हातानंच खाली ठेवला आणि डाव्या हातानंच डोक्यावरचा पदर सारखा केला. उजवा हात अंगाला चिकटून होता.

"मावशी, उजवा हात वर होत नाही का?"

"न्हाई बाई. सा म्हैने झालं. अंबाडा सून घालती." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लई घट्ट घालती."

मी त्यांना बसवून खांदा तपासला. सांधा पार आखडला होता. साखरेचा आजारही होता, त्यात असं पुष्कळदा होतं. मी खरं ते सांगितलं, की पाच-सहा महिने लागतील आणि घरी रोज व्यायाम करावा लागेल. मावशींनी गाळाभर नजर फिरवली. "दळन टाकून येते," म्हणाल्या. मला वाटलं, गेल्या. अर्ध्या तासात परत आल्या.

भिंतीवर बोटांनी चालत चालत हात वर न्यायचा, असा त्यांचा व्यायाम होता. जिथं बोट पोचेल तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारायची. नव्या रंगावर रेघा चढत गेल्या. कधी आठवडाभर एकाच जागी थांबायच्या, तेव्हा मावशी भिंतीलाच बोल लावायच्या. दळणाच्या रांगेत त्यांनी ही भिंतीची गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की बायका आधी भिंत बघायला येऊ लागल्या आणि मग हळूच आपला गुडघा नाहीतर मान पुढं करू लागल्या. सहाव्या महिन्यात एका सकाळी मावशींनी सगळ्यांसमोर केस सोडले, दोन्ही हात मागं नेले आणि अंबाडा घातला. तिरका बसला. तिथं बसलेल्या पाच-सहाजणी टाळ्या वाजवायला लागल्या आणि मला पाणी प्यायला आत जावं लागलं.

पेशंट वाढले, शेजारचा गाळाही घेतला आणि मदतीला एक नवी फिजिओथेरपिस्ट ठेवली. कामाला चोख, बोलायला त्याहून चोख. गेल्या वर्षी माझीच कंबर धरली. सुरुवातीचं स्वस्तातलं टेबल बुटकं होतं, त्यावर वाकून वाकून व्हायचं तेच झालं होतं. मी दोन दिवस लपवलं. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीतून उठत असताना तिनं मला पकडलं आणि भरल्या दवाखान्यात म्हणाली, "मॅडम, झोपा टेबलावर."

पडद्यापलीकडं खसखस पिकली. मी निमूट पालथी झोपले. तिनं कंबर तपासली, तीन व्यायाम दिले, बुटकं टेबल त्याच दिवशी बाहेर काढायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी दारातच विचारलं, "व्यायाम केले?"

"केले ना."

"करून दाखवा."

मला एकही आठवेना. बाकावर बसलेल्या आजोबांना माझी दया आली. त्यांनाही तेच व्यायाम दिले होते. ते उठून शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडं बघून करा, मॅडम. आधी श्वास घ्यायचा."