रेघा आत की बाहेर

वहिनींना कोणतीही गोल वस्तू नुसती बघता येत नसे. चहाची किटली, पिठाचा डबा, देवळाचा कळस, माझ्या शर्टाची कॉलर, जे दिसेल ते त्या मनातल्या मनात कापून जमिनीवर पसरून टाकत. डोळे बारीक झाले आणि एक बोट हवेत फिरू लागलं, की समजायचं, चीर कुठून द्यायची ते ठरतं आहे. मी कामाला लागलो त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर संत्रं सोललं आणि सालीचा तुकडा टेबलावर अंगठ्याने दाबला. कडा फाटल्या.

"चेंडू सपाट होत नाही, इंजिनेर," त्या म्हणाल्या. "नळी होते, शंकू होते. चेंडूच्या फोडीच करा लागते. कालेजात हे सांगतलं होतं का?"

सांगितलं होतं, मी म्हणालो.

"मग कालेज चांगलं आहे," म्हणाल्या, आणि उरलेलं संत्रं माझ्या हातात दिलं.

गोंदियाबाहेर रस्त्याला लागून त्यांची पत्र्याच्या कामाची शेड होती. भाताच्या गिरण्यांना लागणारे धान ओतायचे नरसाळ्यासारखे हॉपर, धूळ ओढून नेणारे पाइप, त्यांचे वाकडेतिकडे जोड, असं काम. शेड वहिनींचे यजमान, भाऊ, यांनी उभी केलेली. आकार उलगडून पत्र्यावर आखण्याचं काम मात्र लग्नानंतर पॉलिटेक्निक शिकलेल्या वहिनींकडे आलं. पुढे नागपुरात लेझरने पत्रा कापून मिळू लागला. तेव्हा संगणकावर मॉडेल करून ते सपाट उलगडायला त्यांना कोणी हवं होतं. मी बोदलकशाकडच्या खेड्यातला, घरात पदवी घेतलेला पहिलाच. नागपुरात कोणी दारात उभं करत नव्हतं. वहिनींनी अर्जही मागितला नाही. "उद्यापासून ये," एवढंच म्हणाल्या.

त्यांचा एक नियम होता. संगणकाने उलगडलेला आकार कागदावर लहान छापायचा, कात्रीने कापायचा आणि पत्रा वाकवणाऱ्याने तो आधी हाताने वाकवून दाखवायचा. त्याशिवाय फाइल नागपूरला जात नसे. "कागद चुकला तं चूल पेटवता येते," त्या म्हणायच्या. "पत्रा चुकला तं कोणाच्या कामाचा?" छापील रेघा सगळ्यांना दिसाव्यात म्हणून कागद वाकवताना त्या बाहेरच्या बाजूला ठेवायची शेडमध्ये सवयच पडून गेली होती.

एका वर्षी धान निघायच्या आधी भाऊंचा उजवा हात पत्रा गोल करणाऱ्या रोलिंग मशीनमध्ये गेला. हात वाचला, पण बोटं वळेनात. त्यानंतर भाऊंनी शेडकडे पाऊल टाकलं नाही. वहिनींच्या सासऱ्यांची इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली शेती होती. ते गावाहून आले आणि त्यांनी सांगून टाकलं, की हाती घेतलेलं काम संपवा, शेडला कुलूप लावा आणि सगळे गावी चला. एकट्या बाईच्या जिवावर कारखाना चालत नसतो. वहिनींनी मला हे पत्र्याचं माप सांगावं तसं सांगितलं. हे काम नीट बसलं तर त्यांना सासऱ्यांशी बोलायला तोंड होतं. नाही बसलं तर बोलण्यासारखं काही उरत नव्हतं.

हाती असलेलं काम म्हणजे एका गिरणीमालक शेठकडच्या पाइपचा जोड. एका तोंडाला चौकोन, दुसऱ्याला गोल, आणि मधे अंग एका बाजूला कललेलं. जुना जोड सडून फाटल्यामुळे गिरणी बंद होती आणि फाटकाबाहेर धानाच्या गाड्या उभ्या होत्या. शेठ शेडमध्ये येऊन खुर्चीवर न बसताच बोलले, "भाभी, भाऊ का नाम है इसलिए रुका हूँ. नहीं बैठा तो रायपुर से मँगवा लूँगा." या जोडाला लागणाऱ्या स्टेनलेसचा दुसरा पत्रा लवकर मिळण्यासारखा नव्हता.

कापलेले दोन तुकडे नागपूरहून टेंपोने आले. वाकवायच्या जागी लेझरने बारीक रेघा उमटवल्या होत्या. नत्थूभाऊ म्हणजे शेडमधले सगळ्यात जुने कारागीर. त्यांनी पहिला तुकडा वाकवायच्या मशीनवर रेघा वर करून सरकवला आणि पाय पेडलवर ठेवला. वहिनी शेजारी कागदाचा जोड हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा हाताकडे पाहिलं, एकदा पत्र्याकडे.

"पाय काढा," त्या म्हणाल्या.

कागदावर रेघा बाहेर होत्या. मशीन पत्रा वरून दाबतं, म्हणून पत्र्यावर त्या आत जाणार होत्या. सरळ जोड असता तर कशाही चालल्या असत्या, पण हा कललेला होता. रेघा आत गेल्या असत्या तर तो दुसऱ्याच अंगाला कलला असता, आणि एकदा वाकवलेला पत्रा उलटा वाकवला की चिरतो.

नत्थूभाऊ चिडले. "काऊन थांबवून राहिल्या, वहिनी? रेघ दिसल्याबिगर वाकवाचं कसं? जलमभर रेघ वरच ठेवली मी."

मी म्हणालो, स्क्रीनवरचं मॉडेल कागदाशी जुळतं आहे.

"स्क्रीनले माप कोणं दिलं?" वहिनींनी विचारलं.

मी.

"अन् तुले?"

मी नत्थूभाऊंकडे पाहिलं. गिरणीतलं माप त्यांनीच आणलं होतं, 'डावीकडे' असं सांगून. पण ते पाइपखाली उभे होते की वर माळ्यावर, हे त्यांना आता आठवेना. म्हणजे स्क्रीन आणि कागद दोन्ही उलटे असू शकत होते, आणि नत्थूभाऊंचा पत्रा बरोबर. शेठचा माणूस दारात उभा राहून फोनवर कोणाला तरी सांगत होता, की इथे अजून सुरुवातच नाही.

कोणीतरी हो किंवा नाही म्हणावं, असं सगळ्यांना वाटत होतं. वहिनी म्हणाल्या, "मले माहीत नाही," आणि कागदाचा जोड ओढणीत जपून धरून माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या.

गिरणीत भुश्शाचा थर होता. शिडी उभी आणि गंजलेली. त्या चपला काढून वर चढल्या, मी खालून शिडी धरली. शेठ खाली येऊन उभे राहिले. वहिनींनी कागद एकदा पाइपच्या चौकोनी तोंडाशी धरला, फिरवला, पुन्हा धरला. मग माळ्याच्या कडेला बसून कागदाचं गोल तोंड समोरच्या पाइपशी डोळ्यांनी जुळवू लागल्या. मला वाटलं, उलटंच आहे, आता सगळं संपलं.

"कागद बरोबर आहे," त्या वरून म्हणाल्या. "रेघा बाहेर."

परत येऊन तुकडे पालथे केले. आता रेघा खाली गेल्या, दिसेनात. वहिनी आणि नत्थूभाऊ दोघांनी मिळून रेघांच्या टोकांशी लेझरने कडेला पाडलेल्या खाचांवरून वरच्या बाजूला नव्या रेघा ओढल्या. नत्थूभाऊ तोंडाने कुरकुरत होते आणि हाताने एकही रेघ हलू देत नव्हते. पहिला वाक पडला तेव्हा वहिनींनी मशीनकडे पाठ केली होती.

जोड गिरणीत चढवला, तेव्हा सासरेही आले होते. धोतराचा सोगा हातात धरून ते एका पोत्याशेजारी उभे होते. बोल्ट एकेक करून भोकांत गेले. शेवटचा थोडा अडला. नत्थूभाऊंनी सळईने जोड जरासा ओढला आणि तोही बसला. गिरणी सुरू झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेठ म्हणाले, "ठीक है भाभी, दूसरी मिल का भी नाप ले लो," आणि गाड्या आत घ्यायला फाटकाकडे गेले.

मी पुढे पुण्याला नोकरीला गेलो. चांगली नोकरी होती, वहिनींनीच जायला लावलं. जे काही मला येतं, ते त्यांच्या टेबलापाशी आलं. पण त्यांची आठवण आली की मला गिरणीच्या त्या आवाजातले सासरेच आधी दिसतात. त्यांनी मान वर करून जोडाचे बोल्ट एकेक मोजले. मग सुनेच्या जवळ येऊन मोठ्याने विचारलं, "शेड सकाळी किती वाजता उघडता तुमी?"

"आठले."

"बरं," ते म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी मी आठच्या आधीच पोहोचलो. शटर वर होतं. आत सासरे झाडू मारत होते, आणि भाऊ डाव्या हाताने मशीनवरची धूळ पुसत होते.